माझी हाउसवाइफ बॅगेत आहे

शर्टाचं बटण तुटलं, एवढंच झालं होतं. भाचा बेळगावहून फौजेचं ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीवर आला होता आणि रात्रीची जेवणं उरकून आम्ही सगळे ताईच्या सोप्यात पसरलो होतो. मध्ये भाजलेल्या शेंगांची परात, दाजींचा पानाचा डबा, टीव्ही चालू पण आवाज बंद. भाचा वाकून शेंग उचलायला गेला आणि त्याच्या चौकड्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण टपकन टरफलांत पडलं. ताई सवयीनं उठली. फडताळातून श्रीखंडाचा रिकामा डबा काढला. या डब्यात तिच्या लग्नापासूनच्या सुया, रिळं, हुक, तुटक्या चेनी आणि कुठल्याच कपड्याची नसलेली बटणं आहेत. हात पुढे करून म्हणाली, "काढ शर्ट." त्यावर हा अगदी सहज म्हणाला, "राहू दे आई. माझी हाउसवाइफ बॅगेत आहे."

दाजींचा जबडा पानासकट थांबला. धाकटी भाची टीव्हीकडे बघता बघता एकदम आमच्याकडे वळली. ताईनं शांतपणे विचारलं, "कोण आहे म्हणालास?" चार वर्षांसाठी फौजेत घेतलेल्या अग्निवीराला तेवढी वर्षं लग्न करता येत नाही, हे त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं, त्यामुळे त्या शांततेत बरंच काही दडलेलं होतं. भाच्यानं बॅगेतून हिरव्या कापडाची एक वळकटी काढली आणि उलगडली. आत दोन सुया, हिरव्या दोऱ्याचं रीळ, चार-पाच बटणं, एक ब्लेड. फौजेत सुई-दोऱ्याच्या या पिशवीला हाउसवाइफच म्हणतात, इंग्रजांच्या काळापासून. जवानाच्या किटमधली ती एक वस्तू, मोजे आणि पाण्याचा मग यांच्या रांगेतली. मग हशा पिकला. दाजी तर ठसका लागेपर्यंत हसले. भाचा मांडी घालून बसला, पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला, बटणाच्या चार भोकांतून फुली घातली, खाली दोऱ्याला तीन वेढे देऊन मान केली, गाठ मारली, ब्लेडनं दोरा कापला. सगळं दोन मिनिटांत. बटण असं बसलं की शर्ट फाटेल पण ते निघणार नाही. ताईही हसत होती, पण डबा तिच्या हातात तसाच उघडा होता.

पुण्याला परतताना सगळ्या वाटेत मला तो उघडा डबा आठवत राहिला.

हेच पोरगं वर्षापूर्वी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेत नव्हतं. अंघोळीचा टॉवेल दाराबाहेरून मागायचं. ताटात आमटी संपली की ताटाकडे बघायचं, आमटीच्या पातेल्याकडे नाही, आणि ताई उठायची. मी तिला किती वेळा म्हटलं असेल, अगं लाडावून ठेवलंयस. ती म्हणायची, "जाईल तिकडं, मग कोण वाढणार हाय?" आमच्या भागात 'तिकडं' म्हटलं की निम्म्या वेळा फौजच असते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण पहाटे पाचला बाहेर आलात तर डांबरी रस्त्यावर पोरांच्या बुटांचा आवाज येतोच. ज्वारीच्या पेरणीसारखा तोही एक हंगाम आहे, बारावीनंतरचा. भरतीची रॅली जवळ आली की आवाज वाढतो, निकाल लागला की आठवडाभर रस्ता मुका होतो, मग उरलेली पोरं परत पळायला लागतात.

भाच्याची भरती घरातल्या सगळ्यांनी मिळून केली, असंच म्हणावं लागेल. आधी ऑनलाइन परीक्षा, मग रॅली. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले तर पूर्ण ६० गुण, आडव्या दांड्याला लटकून दहा बीम काढले तर ४०, नऊ फुटांची खंदकउडी आणि झिगझॅगवर तोल. हे आकडे ताईला देवीच्या आरतीसारखे पाठ झाले होते. परड्यातल्या दोन सागांमध्ये दाजींनी लोखंडी पाइप बांधला आणि रोज संध्याकाळी ताई तांदूळ निवडता निवडता मोजायची: सहा, सात, लटकू नकोस, आठ. मेडिकलच्या आधी तर तिनं कहरच केला. कानात मळ निघाला म्हणून कुणाला तरी मागे ठेवलं असं ऐकून आली आणि आठ दिवस रोज रात्री त्याच्या कानात कोमट तेल घालायला लागली. अठरा वर्षांचा घोडा तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा, दुसऱ्या हातात मोबाइल. शेवटी दाजी त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि पाच मिनिटांत काम झालं. ताईला ते फारसं आवडलं नाही.

आणि मग तो निवडला गेला. गावात पेढे वाटले, पारावर फ्लेक्स लागला, त्यावर भाच्यापेक्षा गावातल्या पुढाऱ्यांचे चेहरे मोठे. फ्लेक्सखाली बसूनच लोकांनी हिशेब मांडले. पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार, त्यातले ९ हजार निधीत, हातात २१. चार वर्षांनी पावणेबारा लाखांच्या आसपास. शंभरातले पंचवीसच कायम, बाकीचे घरी. २०२२ च्या जूनमध्ये ही अग्निवीरांची योजना आली तेव्हापासून आमच्याकडे या विषयावर दोन तट आहेत. एक म्हणतो, बाविसाव्या वर्षी एवढी रक्कम घेऊन येणारा पोरगा दाखवा. दुसरा म्हणतो, बाविसाव्या वर्षी 'माजी' होणारा पोरगा पाहिला का कधी? मला दुसऱ्यांचं जास्त पटतं. आमच्या लहानपणी फौजेतला माणूस म्हणजे पेन्शन, कॅन्टीनचं सामान आणि कधीतरी कायमची सुट्टी घेऊन येणारा काका. पण ताईसमोर मी हे कधी बोलले नाही. ती फ्लेक्सच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या फोटोकडे बघत होती, आणि चार वर्षं तिला फार लांबची वाटत होती. तिची नजर पुढच्या सोमवारवर होती.

सोमवारी तो गेला. न्यायच्या वस्तूंची यादी आली होती: कागदपत्रं, फोटो, कुलूप, आतले कपडे, साबण. त्या यादीत ताईनं स्वतःची यादी मिसळली: डिंकाचे लाडू, शेंगदाण्याची चटणी, हळदीची पुडी, आणि एक जुनी गोधडी. आमच्या आजीच्या, आईच्या आणि तिच्या लुगड्या-साड्यांचे थर असलेली ही गोधडी लाल दोऱ्यानं टाचलेली आहे, आणि दर दोन-तीन वर्षांनी ताई तिला वरून नवे धावदोरे घालते. भाचा लहानपणापासून त्याच गोधडीत झोपायचा. "आई, बिस्तरा मिळतो तिथं," तो म्हणाला. आमचे चुलते तात्या, रिटायर्ड सुभेदार, खाटेवरून म्हणाले, "लाडू दे. गोधडी ठेव." लाडू गेले, गोधडी राहिली. लाडवांचं पुढे काय झालं ते नंतर कळलं. पहिल्याच रात्री बॅरेकमध्ये डबा फिरला आणि रिकामाच परत आला. त्याच्या वाट्याला एक आला म्हणे, तोही अर्धा.

पहिले काही आठवडे फोन नव्हता, मोबाइल जमा. नंतर रविवारी थोडा वेळ. ताईचा रविवार फोनभोवती फिरायला लागला. भाकरी थापताना फोन पिठाच्या डब्यावर, अंघोळीला जाताना भाचीच्या हातात, देवळात जाताना कमरेला. फोन आला की ती एका दमात विचारायची: जेवलास का, काय जेवलास, झोप होती का, पाय दुखतात का. त्याचं उत्तर ठरलेलं: "सगळं ओके आहे." ओके हा शब्द तिला मुळीच आवडत नव्हता. "ओके म्हणजे काय रे? बरं हाय का न्हाई ते सांग." पलीकडून हसू यायचं आणि मागून कुणाचा तरी आवाज, चला, चला, पुढचा. मला तो फोन करायचाच नाही. मावशीचा नंबर रांगेत कुठला यायला! मग ताईच मला फोन करून तो काय म्हणाला ते सांगायची, म्हणजे काहीच नाही, आणि ते काहीच नाही आम्ही दोघी अर्धा तास चघळायचो. आवाज बसलेला वाटला. नाही, घोषणा देऊन देऊन बसला असेल. सर्दी असेल. रडला असेल का? छे.

त्याचा दिवस कसा जातो हे आम्हाला तात्यांकडून कळायचं. तात्यांचं ट्रेनिंगही बेळगावलाच झालेलं. दोघांची रेजिमेंट एकच, मराठा लाईट इन्फन्ट्री. तिची मुळं १७६८ पर्यंत जातात आणि तिचं सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. "तू आत्ता उठतीस ना, तवर त्याची पीटी झालेली असती," ते ताईला सांगायचे. चार-साडेचारला उठायचं, चहा, पीटी, नाश्ता, मग ड्रिल, मग वेपन, मग वर्ग, दुपारनंतर खेळ किंवा फटिग, म्हणजे अंगमेहनतीची कामं, संध्याकाळी रोल कॉल. मधल्या प्रत्येक वेळी कपडे बदलायचे, आणि तेही पळत. पहिले दहा आठवडे हे बेसिक, पुढचे एकवीस त्याहून कडक, एकूण ३१. "पहिल्या महिन्यात पोरगं फक्त तीन गोष्टी शिकतं," तात्या म्हणायचे. "पळायचं, गप बसायचं आणि स्वतःची वस्तू हरवायची न्हाई." ताईनं विचारलं, मारतात का हो? तात्या हसून म्हणाले, "मारत न्हाईत. रगडा देतात." रगडा म्हणजे काय, हे त्यांनी तिला नीट सांगितलं नाही, मला सांगितलं. एकाचं कुलूप उघडं राहिलं तर अख्ख्या प्लाटूननं कोलांट्या मारत मैदान ओलांडायचं, बेडकासारखं उड्या मारत फेरी घालायची, कोपरांवर रांगायचं. ज्याची चूक तो एक, घाम तिसांचा. दुसऱ्या आठवड्यापासून मग उस्तादाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, बोलावंच लागत नाही, शेजारचाच झोपण्याआधी तुमचं कुलूप ओढून बघतो. मला हे ऐकताना हसू आलं आणि अंगावरही आलं. शाळेत हे कुणी केलं असतं तर मी स्वतः मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन भांडले असते.

एका रविवारी फोन आलाच नाही. पुढच्या रविवारी आला तो फार थोडा वेळ, आणि त्यात त्यानं ताईला हळद लावायची का तेल, असं विचारलं. बस्स. एवढ्यावरून तिनं ओळखलं. नडगी दुखत होती. गावाकडे रोज दोन-चार किलोमीटर पळणारं पोरगं एकदम दिवसभर बुटांवर आलं, ड्रिलमध्ये टाच आपटायला लागलं, की त्याच्या नडगीच्या हाडाला सवय व्हायला वेळ लागतो. हाड काही रगड्याला घाबरून लवकर घट्ट होत नाही. दुखणं अंगावर काढलं तर केसासारखी बारीक चीर जाते, मग मिलिटरी हॉस्पिटल, काही आठवडे आराम, आणि तोवर आपली बॅच पुढे निघून जाते. मागच्या बॅचमध्ये टाकलं की पोरं म्हणतात, रेलिगेट झाला. हा शब्द आमच्या घरात सगळ्यांनी त्या आठवड्यात शिकला. शेजारच्या वाडीतल्या एका पोराचं तसं झालं होतं. त्याची आई बाजारात भेटली की विषय बदलायची. ताईनं एकदा तिला थेट विचारलं, पाय बरा हाय का? तर ती म्हणाली, "पाय बरा हाय. पण लोकांना काय सांगायचं, परत आला न्हाई, पुढं गेला न्हाई?" मी असते तर तिला म्हणाले असते, अगं दुखतंय म्हणून बोलला, हेच शहाणपण. ताई काहीच म्हणाली नाही. तिच्याकडून अर्धा किलो भेंडी घेतली, घरात भेंडी होती तरी.

भाच्याचं नडगीवरचं दुखणं वेळीच उस्तादानं पकडलं. लंगडत चालतोय हे त्यानं लपवलं होतं, पण पायऱ्या उतरताना एक पाय आधी पडतो हे उस्तादाला दिसलं. चार दिवस लाइट ड्यूटी मिळाली आणि मग तो परत रांगेत. हे आम्हाला त्यानं सुट्टीवर आल्यावर सांगितलं. ताई लगेच म्हणाली, "मी तर फोनवरच वळखलं हुतं." आणि ते खरं होतं. पण मला वाटलं, त्या उस्तादानं तिचं एक काम तिच्याआधी केलं होतं, आणि तिला तेही कळलं होतं.

कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर पोरं शपथ घेतात त्या परेडला, आम्ही माझी गाडी घेऊन गेलो. कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, दाजी पुढे आणि मागे ताई, भाची आणि ताईच्या मांडीवर डब्यांची उतरंड. बेळगावच्या कॅम्पात शिरलं की एकदम सावली लागते, रस्त्याकडेच्या झाडांच्या खोडांना पांढरा-लाल पट्टा, आणि कचरा कुठे दिसत नाही म्हणून आपणच जरा सरळ बसतो. मैदानाभोवती आईबापांची गर्दी होती. नऊवारी, पंजाबी ड्रेस, पांढरी टोपी, बुरखा, जीन्स, कोकणातले, मराठवाड्यातले, सीमाभागातले, सगळ्यांच्या पायात नवीन चपला. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत डबा. मग बँड वाजला आणि ते आले.

ताईला आपला पोरगा सापडेना. मला तर मुळीच सापडला नाही. सगळ्यांची मान एकाच कोनात, सगळ्यांच्या टोप्या एकाच रेषेत, केस नाहीत, गाल आत गेलेले, रंग सगळ्यांचा एकच, उन्हाचा. मग ताईनं मला कोपर मारलं: "तो बघ, तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथा." आणि तिचे डोळे वाहायला लागले. ती पुटपुटत होती, किती वाळलाय, किती वाळलाय गं. दहा मिनिटं तिनं त्या पोरावर आसवं ढाळली, दोनदा दृष्ट काढल्यासारखी बोटंही मोडली. तेवढ्यात आमच्या पुढच्या खुर्चीवरची बाई मागे वळून म्हणाली, "तो माझा आहे हो." दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्याच बाईनं आमचा शोधून दिला, दुसऱ्या बाजूला, पाचव्या रांगेत. तिनं ताईला फोटो मागितला होता मोबाइलमधला आणि कानावरून ओळखला. तेल घातलेला तो कान. अजूनही ताई त्या बाईला सणावाराला फोन करते. दोघी आता एकमेकींच्या पोरांची चौकशी आधी करतात.

धर्मगुरू ग्रंथ घेऊन रांगांपुढे आले, तिरंगा आला, आणि पोरांनी शपथ घेतली. जमिनीवरून, पाण्यातून, हवेतून जिथे पाठवाल तिथे जाईन, जीव गेला तरी. हे वाक्य मी पूर्वी कधीतरी वाचलं होतं, पण ते शेकडो आवाजांत एकदम ऐकलं की त्यातला 'जीव' हा शब्द वेगळाच उठून येतो. मी ताईकडे बघितलं नाही. दाजींकडे बघितलं. ते ओठ हलवत शपथ सोबत म्हणत होते, लग्नात मंगलाष्टकं म्हणतात तशी, शेवटचे शब्द तेवढे. मग "बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!" झालं आणि मैदानाभोवतीचे सगळे आईबापही त्यात ओरडले. माझाही आवाज निघाला. आपण या सगळ्याकडे जरा लांबून, शहाण्यासारखं बघतो असं मला वाटत होतं. ते तिथं संपलं, थोड्या वेळापुरतं तरी.

परेडनंतर आईबापांना गौरव पदक लावलं. दाजींनी ते छातीवरून काढलंच नाही. किणीच्या टोलनाक्यावर त्यांनी माझ्याकडची काच खाली करायला लावली, टॅगनं टोल आपोआप गेला होता तरी. त्यांना वाटत होतं कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. मागच्या सीटवर ताईनं आपलं पदक कधीच काढून रुमालात बांधून डब्यात ठेवलं होतं. लाडवांच्या.

आणि मग सुट्टी. तो घरी आला त्या दिवसापासून घरात एक विचित्र नम्रपणा शिरला. "आई, पाणी घेऊ?" लहानपणी आमचं ऐकून बापालाच दाजी म्हणणारं हे पोरगं, आता "बाबा, गाडी नेऊ?" "मावशी, इथं बसू?" पहिल्यांदा सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ताई वैतागली, "आरं घर हाय तुझं, इचारतोस काय सारखं!" तो "हो आई" म्हणाला आणि पुढच्या मिनिटाला, "आई, पंखा बंद करू?" जेवण पाच मिनिटांत. ताट स्वतः घासलेलं, उलटं घातलेलं. अंथरूण असं घडी केलेलं की भाचीनं पट्टी आणून कडा मोजल्या. ताई त्याच्यासाठी पहाटे सहाला चहा ठेवायला उठली तर तो अंघोळ करून, दाढी करून, अंगण झाडून बसलेला. तिला काही करायलाच ठेवलं नव्हतं. गावातल्या बायका येऊन म्हणायच्या, काय वळण लागलंय गं पोराला! तिनं हसून मान हलवायची. मग त्या गेल्या की चुलीपुढे बसून राहायची.

भाचीला मात्र मजा होती. इतिहासात पस्तिसावर सुटलेला तिचा भाऊ आता तिला यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव कोण हे विचारत होता. रेजिमेंटच्या या दोघांची इटलीतली ती दोन व्हिक्टोरिया क्रॉस शौर्यपदकं, १९४४ आणि १९४५ ची. शरकतची लढाई कुठे झाली सांग? इराकमध्ये. कधी? १९१८. चुकलं तर "दहा पुशअप!" ती मुद्दाम चुकायची आणि तोच तिच्याऐवजी मारायचा. तेवढ्यापुरता तो जुना दिसायचा, मग पाणी प्यायच्या आधी परत विचारायचा.

मी तात्यांना विचारलं, हे किती दिवस चालतं? ते खाटेवर अंग टाकून होते, उशाला त्यांची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगानं लिहिलेलं नाव आणि नंबर आता निम्मे पुसलेले. "मी आलो पहिल्यांदा," ते म्हणाले, "तर आमच्या आयनं हाक मारली की मी उभा राहायचो. ती म्हनायची, बस की रं, तू काय पाव्हना हायस?" मग? "मग काय. पुढच्या टायमाला बसलो." एवढं बोलून ते गप्प झाले. त्या ट्रंकेत आता पापड आहेत, आणि तात्यांची सून ती उघडायच्या आधी तात्यांना विचारते. तात्या "ओके" म्हणतात.

सुट्टी संपली. त्याला सोडायला मी नव्हते, ताईनं सगळं फोनवर सांगितलं. या वेळी तिनं लाडू केले नाहीत, बॅग त्यानंच भरली, तिला हात लावू दिला नाही. निघताना पाया पडला, सगळ्यांना विचारून झालं, निघू का, आणि एसटीत बसला. दोन दिवसांनी ताईनं गोधडी काढली, तिचे दोरे घालायचे राहिले होते म्हणून. मला फोन आला तो भर दुपारी, मी ऑफिसात होते.

"अगं, माझं लाल रीळ कुठं गेलं?"

मला कसं माहीत असणार? मी म्हटलं, डब्यात बघ. बघितलं, म्हणाली, सगळा डबा पालथा घातला. पांढरं आहे, काळं आहे, हिरवं त्याचं एक राहिलंय इथं, लाल नाही. मग भाची मागून ओरडली की दादानं नेलं, तिनं बघितलं, त्या हिरव्या पिशवीत घातलं. मी म्हटलं, फौजेत लाल दोऱ्याचं काय काम? युनिफॉर्मला चालत तरी असेल का?

"मला काय माहीत," ताई म्हणाली. "पर इचारलंसुदिक न्हाई गं. न इचारता उचललं." तिचा आवाज तक्रारीचा होता, पण लांबत चालला होता, संपू नये अशासारखा. "आता माझी गोधडी अडलीया. तालुक्याला जाऊन नवं आणायला पायजे. बघ की. न इचारता."